मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आहे

८ जानेवारी

पॅरामेडिकच्या पदवीचा निकाल लागला. शेवटचं वर्ष. लेखी पास, प्रात्यक्षिक नापास. अख्ख्या वर्गात मी एकटाच.

कारण अगदी सरळ आहे. छाती दाबायचा सराव ज्या डमीवर करतात त्याच्या पोटात एक क्लिकर असतो. दाब पुरेसा खोल गेला की तो टक् करतो. माझ्या वेळी केलं नाही. माझ्या आधीच्या सगळ्यांसाठी टक् टक् करून तो बिचारा दमला असणार. हे मी प्रात्यक्षिकाच्या मॅडमना शांतपणे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या की तुमच्या नंतरच्या मुलीच्या वेळी तर त्याने व्यवस्थित टक् केलं. अर्थात केलं! मधे माझ्यामुळे त्याला विश्रांती मिळाली होती. पण एवढा खोलवर विचार करायला कुणाला वेळ आहे?

जूनमध्ये पुन्हा परीक्षा. शेवटची संधी. ती हुकली तर कोर्समधून बाहेर, आणि मग मेहुण्याच्या साऊंड सिस्टिमच्या धंद्यात परत माईक धरून दुकानांची उद्घाटनं. म्हणजे जे सोडून इकडे आलो तेच.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. जाड उशी घेऊन छाती दाबण्याचा सराव.

९ जानेवारी, सकाळी साडेनऊ

उठलो. ही म्हणते, गजर पाचला वाजला होता आणि मीच झोपेत बंद केला. वर तिला "धन्यवाद, बसून घ्या" म्हणालो म्हणे. निवेदकाचे संस्कार झोपेतही सुटत नाहीत.

आज उशीला अभ्रा नव्हता. उद्यापासून नक्की.

१३ जानेवारी

सरावाला बसण्याआधी आपण या क्षेत्रात मुळात का आलो याची उजळणी करावी असं वाटलं. (उशी हिने उन्हात टाकली होती.)

चार वर्षांपूर्वी एका समारंभात निवेदन करत होतो. प्रमुख पाहुणे भाषणाच्या मधेच कोसळले. सगळे थिजले. मी एकटा शुद्धीवर. माईकवरून खणखणीत आवाजात सांगितलं की गर्दी करू नका, हवा येऊ द्या, मुलांना सांभाळा. लोक बाजूला झाले. मग गणवेशातली दोन माणसं आली, पाहुण्यांच्या छातीवर काहीतरी किरकोळ केलं आणि पाहुणे वाचले. टाळ्या त्या दोघांना! माझं नावही कुणी घेतलं नाही. तेव्हाच ठरवलं की आता आपणही गणवेशात जायचं.

नोकरी ही करते, चष्म्याच्या दुकानात. घर सासऱ्यांचं आहे. मी घरजावई मात्र नाही. सासरे आमच्याकडे राहतात, फक्त त्यांच्या स्वतःच्या घरात.

५ फेब्रुवारी

आज मॅडमनी एक वाक्य उच्चारलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

प्रात्यक्षिकात प्रत्येक टेबलावर एक प्रसंग मांडलेला असतो. पण परीक्षेत खरं औषध टोचता येत नाही, खरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावता येत नाही. तिथे परीक्षकासमोर स्पष्ट बोलायचं. मी औषध दिलं आहे. मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आहे. बोललं की गुण. बोललं नाही तर शून्य, मग मनात काहीही असो.

म्हणजे ही परीक्षा निवेदनाची आहे! आणि वर्गात निवेदक कोण? तीन वर्षं हे लोक मला उश्या दाबायला सांगत होते.

संकल्पात बदल: उशी रद्द. रोज कोमट पाण्याच्या गुळण्या आणि उच्चारांचा सराव.

१० फेब्रुवारी

सरावासाठी रुग्ण मिळाला. सासरे.

सासरे निवृत्त बस कंडक्टर. आयुष्यभर हौशी नाटकांत कामं केली, बहुतेक प्रेताची. त्यामुळे कोसळण्याचा अनुभव दांडगा. रोज संध्याकाळी ते हॉलमध्ये कोसळतात आणि मी दारातून आत येऊन बोलतो. जागा सुरक्षित आहे. मी हातमोजे घातले आहेत. मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आहे.

एकच अडचण. म्हातारा मरताना एक डोळा उघडा ठेवून माझ्या चेहऱ्यावरचा परिणाम बघतो. आणि शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारतो की कसं झालं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता का. मी म्हटलं, बाबा, हृदयविकारात किंकाळी नसते. ते म्हणाले, जावईबापू, प्रेक्षकांना कळायला नको का?

हिने दारातून बघितलं आणि विचारलं की यात तू हाताने नेमकं काय करतोस. तिला परीक्षापद्धती समजावली. तिने ऐकून घेतलं आणि भाजी चिरायला माझ्यासमोर आणून ठेवली.

३ मार्च

आजपासून अ‍ॅम्ब्युलन्सवर ड्युटी. महिन्यातून काही दिवस विद्यार्थ्यांना खऱ्या गाडीवर पाठवतात. माझे सीनियर एक वाळकेसे गृहस्थ आहेत. सबंध पाळीत चारच शब्द बोलतात, त्यातले दोन "धर" आणि "सोड". मी त्यांचं नाव मौनीबाबा ठेवलं. अशा माणसाने परीक्षा कशी पास केली हे कोडंच आहे.

दुपारी एका आजींचा कॉल. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दम लागलेला. मी दारातच सुरुवात केली. जागा सुरक्षित आहे. मी माझी ओळख करून देत आहे. मी रुग्णाला ऑक्सिजन लावला आहे. आवाज असा लागला होता की शेजारचे दार उघडून बघायला लागले.

मौनीबाबांनी माझ्या हातातला मास्क काढून घेतला आणि आजींना लावला. मास्क होता माझ्याच हातात, म्हणजे अर्धं काम माझंच.

आजींना जरा बरं वाटल्यावर त्यांनी सुनेला सांगितलं की तो रेडिओ आधी बंद कर.

खाली येताना स्ट्रेचरचं एक टोक माझ्याकडे होतं. मी बोलत होतो की आपण आता वळण घेत आहोत. वळण मौनीबाबांनी घेतलं. माझं टोक भिंतीला लागलं. आजींना काही झालं नाही. भिंतीचा थोडा रंग गेला.

४ मार्च

मौनीबाबांनी कॉलेजला माझ्याबद्दल काय कळवलं ते मॅडमनी वाचून दाखवलं. एकच ओळ. "बोलतो."

कौतुक करायला मोठं मन लागतं.

१९ एप्रिल

सराव परीक्षा. बोलण्याचे सगळे गुण मिळाले. मॅडमनी मात्र विचारलं की तुमचे हात पूर्णवेळ पाठीमागे का होते. माईकसमोर उभं राहायची सवय आहे हे मी सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, जे करता येतं ते करायचं, आणि करता येत नाही तेवढंच बोलायचं. हा फरक तुम्हाला कळतोय का?

कळतोय म्हणालो. गुण द्यायचे नसले की लोक फरक काढतात.

डमीवर हात ठेवायला लावले. टक् नाही. मी म्हणालो, मॅडम, टक् झालं आहे. मॅडम म्हणाल्या की हे बोलून चालत नाही.

नियम ठरवा तरी एकदाचे!

२ मे

अभ्यासाचं वेळापत्रक केलं. चार रंगांत. भिंतीवर लावलं. दमलो. आज एवढं पुरे.

१७ मे, रविवार. हॉस्पिटलच्या बाकावर

लिहितोय, कारण हातांना दुसरं काही काम नाही.

दुपारी सासरे स्टुलावर चढून पंखा पुसत होते. उतरले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, छातीवर कुणी बसलंय असं वाटतंय. मी म्हटलं, वा! कारण एरवी ते छाती आवळून किंचाळतात. आज आवाज दबलेला, खोल. मी सांगितलंसुद्धा, बाबा, आजचा अभिनय संयत आहे, असाच ठेवा. घाम तर अप्रतिम होता. तो कसा आणला हे नंतर विचारायचं ठरवलं.

मग लक्षात आलं की त्यांचे दोन्ही डोळे मिटलेत.

मी उभा राहिलो. मला सगळं आठवलं, एकही मुद्दा सुटला नाही. जागा सुरक्षित आहे. मी हातमोजे घातले आहेत. मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आहे. मी रुग्णाला अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळायला दिली आहे. मी रुग्णाला धीर देत आहे. आवाज इतका स्वच्छ लागला होता की काय सांगू.

ही आतून धावत आली. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आहे हे ऐकलं आणि तशीच अनवाणी खाली फाटकाशी गेली, गाडीला रस्ता दाखवायला. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी लिफ्ट अडवून धरली. समोरच्यांनी फाटकातली आपली मोटार हलवली. सगळी इमारत कामाला लागली. फक्त अ‍ॅम्ब्युलन्स येईना.

मला राग आला. काय ही सेवा! मी पुन्हा बोललो, जरा मोठ्याने. मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आहे.

सासरे डोळे न उघडता म्हणाले, गाडी कुठवर आली बघ की रे. या वेळी 'जावईबापू' म्हणाले नाहीत.

ही वर आली. धापा टाकत होती. तिने विचारलं की फोनवर काय म्हणाले ते.

मी विचारलं, कुठला फोन?

माझा मोबाइल फ्रिजवर चार्जिंगला होता. हातमोजे कॉलेजच्या बॅगेत होते. गोळ्यांचं पाकीट कपाटात होतं, न फोडलेलं.

फोन हिने केला. गोळी हिने दिली. मी रुग्णाला धीर देत होतो, म्हणजे मधोमध उभा होतो. गाडी आली तेव्हा त्यातून मौनीबाबा उतरले. त्यांनी एकदा सासऱ्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मला म्हणाले, सरक.

आत नेऊन बराच वेळ झाला. ही समोरच्या बाकावर बसली आहे. माझ्या शेजारी जागा आहे तरी समोर.

मला भीती वाटते आहे. हे कुणाला ऐकू जाईल असं बोलण्याची इच्छा नाही.

१८ मे

वाचले. डॉक्टर म्हणाले की अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. "थोडा उशीर" म्हणताना ते कागद बघत होते. ही माझ्याकडे बघत होती.

शांतपणे विचार केला तर दोष अभ्यासक्रमाचा आहे. माणसाला वर्षभर "बोलावली आहे" म्हणायला शिकवायचं आणि मग त्याने बोलावली नाही म्हणून त्याच्या नावाने शंख करायचा! याबद्दल मॅडमना सविस्तर पत्र लिहिणार आहे.

१९ मे

पत्र लिहिलं नाही. हॉस्पिटलच्या बाकावरच्या रेग्झिनच्या गादीवर हात ठेवून दाबत बसलो. मनगटं दुखली. शेजारी बसलेला एका पेशंटचा नातेवाईक उठून दुसरीकडे गेला.

२६ मे

सासरे घरी आले. घरात नवीन पद्धत सुरू झाली आहे. मी सकाळी म्हणालो, बाबांचं औषध दिलं. ही म्हणाली, दिलंस की म्हणालास? मी म्हणालो, गॅस बंद केला. केलास की म्हणालास? दुधाचं सांगितलं, तेच. दाराच्या कडीचं सांगितलं, तेच. सासरे पलंगावरून हसतात आणि मग छाती धरतात. मग आम्ही दोघं धावतो. मग ते एक डोळा उघडतात.

हिने माझ्याकडून कबूल करून घेतलं की यापुढे मोबाइल कायम अंगावर ठेवायचा. झोपताना, आंघोळीला जाताना दाराबाहेर खुंटीवर, कुठेही. मी शपथ घेतली. मोठ्याने घेत होतो. ही म्हणाली, हळू घे, पण घे.

संकल्प: बोलणे बंद. करणे सुरू. उशी परत काढली.

३ जून

पाचला उठलो. खरंच. मलाच विश्वास बसेना, म्हणून हिला उठवून दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि कूस बदलली.

उशी फाटली. कापूस सगळ्या हॉलभर. सासरे म्हणाले, जावईबापू, रुग्ण दगावला.

११ जून

कॉलेजात डमीवर सराव. कुणी नव्हतं. कोपर सरळ, खांद्यातून जोर.

टक्.

मागे वळून बघितलं. कुणीच ऐकलं नव्हतं. पुन्हा केलं. टक् टक् टक्. मी खुर्चीवर बसलो आणि थोडा रडलो. हे इथे लिहितो आणि विषय संपवतो.

१४ जून, संध्याकाळी

परीक्षेबद्दल अनेकांचे गैरसमज होणार आहेत, म्हणून घटनाक्रम नोंदवून ठेवतो.

दारातल्या टोपलीत मोबाइल जमा करायचे होते. मी हिच्यासमोर शपथ घेतलेली. शपथ मोठी की टोपली मोठी? मोबाइल मोज्यात होता. बंद केला नव्हता, कारण बंद मोबाइल अंगावर ठेवणं म्हणजे पुन्हा नुसतं म्हणणंच.

पहिली टेबलं उत्तम गेली. काहीही बोललो नाही, सगळं हाताने केलं. परीक्षक सारखे म्हणत होते, बोला, बोला. मी नुसता हसलो. सुधारलेल्या माणसाला असं चिथावणारे भेटतातच.

शेवटचं टेबल. प्रसंग: तुम्ही ड्युटीवर नाही, रस्त्यात एक माणूस कोसळला आहे, मदतीला कुणी नाही. जमिनीवर डमी. मॅडम हातात पेन घेऊन उभ्या.

मी दारातून आत आलो. डमीचे दोन्ही डोळे मिटलेले होते. डमीचे मिटलेलेच असतात, हे मला माहीत आहे. पण मला खुर्चीतले सासरे दिसले. गाडी कुठवर आली बघ की रे.

मी मोज्यातून मोबाइल काढला आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

पत्ता सांगितला. इमारत, मजला, कुठल्या दाराने यायचं, जिना कुठे. पुरुष, प्रौढ, श्वास नाही. मोबाइल स्पीकरवर ठेवून बाजूला टाकला आणि छाती दाबायला घेतली. टक्. टक्. टक्. एकही चुकला नाही. मॅडम काहीतरी ओरडत होत्या. मी लक्ष दिलं नाही. छाती दाबताना थांबायचं नसतं, हे त्यांनीच शिकवलंय.

गाडी लवकर आली. हे कुणीच लक्षात घेत नाही. रविवारच्या रस्त्याने सायरन वाजवत आली, स्ट्रेचर जिन्याने वर आलं, भिंतीला कुठेही न लागता. परीक्षा देणारे सगळे खिडकीशी. स्ट्रेचरच्या पुढच्या टोकाला मौनीबाबा. त्यांनी डमीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी घामाने निथळत होतो आणि अजून दाबत होतो, कारण ते हातात घेईपर्यंत थांबायचं नसतं.

मौनीबाबा खाली वाकले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सोड.

मॅडमनी नंतर कारणं सांगितली. परीक्षेत मोबाइल. खोटा कॉल. आणि मदत बोलावल्याचं तोंडाने जाहीर केलं नाही, म्हणून त्या मुद्द्यालाही शून्य. परीक्षा रद्द. संधी संपली. शेवटी म्हणाल्या की दाब मात्र अगदी नीट होते. बोलताना आवाज कापला त्यांचा. हसू दाबत होत्या की काय, कळलं नाही.

गाडी रिकामी परत गेली. जाताना मौनीबाबा म्हणाले, पत्ता नीट सांगितलास.

तीन शब्द. एकाच वेळी.

१५ जून

काल घरी कुणाला काही सांगितलं नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिलो. आज चहाच्या वेळी सासऱ्यांनी विषय काढलाच. मी खणखणीत आवाजात सांगितलं, पास झालो.

ही कपात साखर ढवळत होती. ढवळायची थांबली. विचारलं, झालास की म्हणालास?

म्हणालो, असं मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. सायरनचं सांगितलं तेव्हा सासरे इतके हसले की हिला त्यांचा कप काढून घ्यावा लागला. ही हसली नाही. म्हणाली, म्हणजे फोन केलास तू. मग माझ्या शेजारी येऊन बसली. समोर खुर्ची रिकामी होती तरी.

दुपारी मेहुण्याचा फोन आला. शनिवारी चपलांच्या दुकानाचं उद्घाटन आहे, माईक धरशील का विचारत होता. धरतो म्हणालो. गर्दी बरीच असणार म्हणे. सासरेही येणार आहेत, पहिल्या रांगेत बसणार आहेत. मी हिला शब्द दिलाय की त्यांच्यावर सारखं लक्ष ठेवीन. हातमोजे खिशात, गोळ्यांचं पाकीट दुसऱ्या खिशात, आणि मोबाइल आतापासूनच चार्जिंगला लावून ठेवला आहे.

एक मिनिट.

आत्ता लावला.